फोटोखाली ‘नाव माहीत नाही’ : इंग्लंडच्या गावांतलं लहानपण

सांजवात | ९ ऑगस्ट, २२:१४

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

१९६६ ते १९७४ अशी आठ वर्षं आम्ही डर्बीशायरमध्ये, चेस्टरफील्डच्या अंगाला असलेल्या एका खाणकामगारांच्या गावात काढली. वय पाच ते तेरा. बाबा डॉक्टर. तेव्हा आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांच्या वाट्याला बहुतेक वेळा तिथल्या डॉक्टरांना नको असलेली गावं यायची, तसंच हे. नंतर नागपूरला परतलो आणि ते सगळं मागे पडलं.

गेल्या महिन्यात मुलाकडे मँचेस्टरला होते, तेव्हा हट्टाने एक दिवस काढून गावात गेले. खाण कुठे होती तेही धड ओळखू येईना. चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या इतिहासप्रेमी म्हाताऱ्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यात आमच्या वर्गाचा १९६९चा फोटो! खाली सगळ्यांची नावं सुबक अक्षरात. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, दोन वेण्या, कानात डूल, खाली लिहिलंय ‘नाव माहीत नाही’.

ती मी.

टेबलावर बसलेल्या आजींना काही न सांगता, चहाचे पैसे डब्यात टाकून बाहेर पडले. मुलगा म्हणतो, सोड ना आई, पन्नास वर्षं झाली. मला मात्र झोप लागत नाहीये. कळवावं का त्यांना? की या वयात हा हावरटपणा?

तुमच्यापैकी कुणाचं लहानपण तिकडच्या छोट्या गावांत गेलं असेल तर तेही लिहा. लंडन नको, लंडनवर पुष्कळ धागे आहेत.

चहाटळ | ९ ऑगस्ट, २२:३१

पयला! बाकी नंतर वाचतो.

बोरीबंदर | ९ ऑगस्ट, २२:५०

अर्थातच कळवा. त्यात हावरटपणा कसला? सातबाऱ्यावर नाव चढवत नाही आहात.

पेनाइनची_पोर | ९ ऑगस्ट, २३:२२

सांजवातताई, अगदी पोटातून कळलं. मी तुमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, लँकेशायरमध्ये हॅस्लिंग्डनजवळ वाढले. आमच्या गल्लीत सगळी घरं एकाला एक चिकटलेली, मागे अरुंद बोळ. त्या बोळाला आमच्याकडे ‘गिनेल’ म्हणायचे. लग्न करून लेस्टरला आले तर इथे तोच बोळ ‘जिटी’. एक मैत्रीण ससेक्सची, ती म्हणते ‘ट्विटन’. तुमच्याकडे काय म्हणायचे?

आणि पाव! साध्या गोल पावाला आम्ही ‘बार्म’ म्हणायचो. लेस्टरच्या दुकानात पहिल्या दिवशी बार्म मागितला तर बाई माझ्याकडे बघतच राहिली.

सांजवात | ९ ऑगस्ट, २३:४०

आमच्याकडे पाव म्हणजे ‘कॉब’. शुक्रवारी कॉबमध्ये चिप्स भरून खायच्या. आईला ते बघवायचं नाही, म्हणायची, पावात बटाटा काय, हे काय जेवण आहे का. (नागपूरला परतल्यावर तिनेच मला पहिला वडापाव खाऊ घातला.)

आणखी एक. तिथे अनोळखी माणूससुद्धा ‘एय् अप, मी डक’ म्हणतो. आईला पहिल्याच आठवड्यात कोळसा टाकणाऱ्याने असं म्हटलं. संध्याकाळी ती बाबांना रडवेली होऊन सांगत होती, “त्याने मला बदक म्हटलं.” शेजारच्या आजींनी समजावलं की हा शब्द मायेचा आहे. पुढे आईच त्या आजींना ‘डक’ म्हणायला लागली, पण ‘अहो डक’ असं.

नर्मदेतला_गोटा | १० ऑगस्ट, ०७:०५

‘अहो डक’ :))))) सकाळी सकाळी चहा सांडला.

वाटाड्या | १० ऑगस्ट, ०८:४८

धागा छान. चेस्टरफील्ड म्हणजे तो पिळलेल्या कळसाचा चर्च ना? कुणीतरी ओला टॉवेल पिळून उभा ठेवावा तसा दिसतो.

सांजवात | १० ऑगस्ट, ०९:१५

हो तोच. खरं कारण कच्चं ओलं लाकूड आणि त्यावर चढवलेलं शिशाच्या पत्र्यांचं वजन असं सांगतात. पिळलाय आणि मधून नऊ फुटांहून जास्त कललाही आहे. पण गावात सांगतात ती गोष्ट वेगळी. चर्चमध्ये एकदा खरोखरीच कुमारिका असलेली नवरी आली, म्हणून कळस आश्चर्याने वळून बघायला लागला. दुसरी आली की सरळ होईल. आमच्या वर्गातल्या मुलांना हा विनोद आठव्या वर्षीच पाठ होता, अर्थ मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. मी तो घरी पाहुण्यांसमोर सांगितला. पुढचं विचारू नका.

खुर्द_बुद्रुक | १० ऑगस्ट, ११:३०

माझा आयडी ज्यासाठी जन्माला आला तो क्षण शेवटी आलाच. :)

लेस्टरशायरमध्ये अ‍ॅश्बी मॅग्ना आणि अ‍ॅश्बी पार्व्हा अशी जोडगावं आहेत. पीटलिंग मॅग्ना, पीटलिंग पार्व्हा आहेत. विग्स्टनचीही तशीच जोडी. लॅटिनमध्ये मॅग्ना म्हणजे मोठं, पार्व्हा म्हणजे धाकटं. आपल्याकडे फारसीतल्या बुजुर्गचं बुद्रुक झालं आणि खुर्द तसंच राहिलं. म्हणजे दोन्हीकडे गावं आपली, आणि थोरलं-धाकटं ठरवताना शब्द मात्र दप्तरातल्या परक्या भाषेतले. तिथे लॅटिन लिहिणारे, इथे फारसी लिहिणारे.

शेवटावरूनही बरंच कळतं. ‘बी’वर संपणारं गाव (डर्बी, व्हिट्बी, अ‍ॅश्बी) डेन लोकांनी वसवलेलं किंवा निदान त्यांनी नाव दिलेलं. ‘चेस्टर’, ‘कास्टर’, ‘सेस्टर’ असेल तर बहुधा रोमन छावणी. मँचेस्टर, लेस्टर, डॉनकास्टर, सगळे कॅम्पवाले.

बोरीबंदर | १० ऑगस्ट, ११:४४

म्हणजे आम्ही पुण्याच्या कॅम्पात राहतो ते डॉनकास्टरच.

काळीमाती | १० ऑगस्ट, १३:०२

मी कधी इंग्लंडले गेलो नाही, पण लँकेशायरचं नाव आमच्या घरात आजोबांपासून आहे. आम्ही वऱ्हाडातले, कापूसवाले. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, १८६५ ला भाव कोसळले अन् मुंबईचे शेठ बुडाले. शेतकऱ्याचं काय झालं असेल ते सांगायले नको.

पेनाइनची_पोर, तुमच्या तिकडच्या म्हाताऱ्यांले आमच्या कापसाबद्दल काही आठवण आहे का?

पेनाइनची_पोर | १० ऑगस्ट, १४:२०

आहे, पण ऐकून वाईट वाटेल. :( आपल्याकडून येणाऱ्या कापसाला ते सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा फार, मागावर सारखा तुटायचा. विणकरांना मजुरी नगावर, त्यामुळे धागा तुटला की पोटाला चिमटा. ‘देवा, कापूस पाठव, पण सुरत नको’ अशी प्रार्थना तेव्हाची म्हणून सांगतात. आमच्या शाळेत मास्तरांनी ती हसत हसत सांगितली होती आणि मग सगळा वर्ग माझ्याकडे वळला होता. जसा काही तो कापूस मीच वेचून पाठवला होता.

जवळच्या डार्वेनमध्ये एका गिरणीचं नावच ‘इंडिया मिल’. तिची सुमारे ३०० फुटी चिमणी व्हेनिसच्या मनोऱ्यासारखी बांधलेली आहे. त्याच डार्वेनला सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी आले होते. स्वदेशीमुळे इथल्या गिरण्या बसल्या असं लोक म्हणत होते, म्हणून मुद्दाम बघायला आले. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हात उंचावून हसताहेत तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल.

काळीमाती | १० ऑगस्ट, १४:३३

कचरा फार होता हे मात्र खरं असंल. वजन वाढवायले काय काय भरत ते आजोबा सांगत. :)

पंचा_झोपलाय | १० ऑगस्ट, १६:१०

हॅस्लिंग्डन म्हणालात म्हणून आलो. विनू मांकड १९५२ मध्ये तुमच्याच गावचे व्यावसायिक खेळाडू! लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवता यायचा, बाकी सगळे गिरणीतले, खाणीतले, दुकानातले. शनिवारी दुपारी अख्खं गाव मैदानावर. कुणी पन्नास केले की प्रेक्षकांत पैशाची पेटी फिरायची.

त्या साली मांकडनी बोर्डाकडे इंग्लंड दौऱ्याच्या संघात घेण्याची हमी मागितली. ती मिळाली नाही म्हणून त्यांनी हॅस्लिंग्डनचा करार धरला. मग पहिली कसोटी हरल्यावर बोर्ड क्लबच्या दारात! लॉर्ड्सवर ७२ आणि १८४ धावा, वर ७३ षटकं टाकून पाच बळी, आणि तरी आपण हरलो. पुढे सुभाष गुप्तेही तिकडेच, रिश्टन क्लबकडून खेळले.

पेनाइनची_पोर | १० ऑगस्ट, १६:५५

काय सांगताय! मांकड माहीत होते, पण आमच्यामुळे बोर्डाला यावं लागलं हे नव्हतं माहीत. माझे बाबा त्या मैदानावर शनिवारी बसायचे आणि शेजारचे म्हातारे त्यांना तुम्हीही फिरकी टाकता का म्हणून विचारायचे. बाबा कोकणातले, आयुष्यात विटीदांडूपलीकडे गेले नव्हते. एकदा टाकलीच बिचाऱ्यांनी. पुन्हा कुणी विचारलं नाही.

अण्णा_आठवणे | १० ऑगस्ट, १९:२५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ घालतो. राग मानू नये.

मी वुल्व्हरहॅम्प्टनला वाढलो. वडील फाउंड्रीत फिटर. आमचे खासदार इनॉक पॉवेल. त्यांनी २० एप्रिल १९६८ला बर्मिंगहॅममध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं, तेव्हा मी नऊ वर्षांचा. सोमवारी शाळेत ज्याच्याशी रोज गोट्या खेळायचो तो म्हणाला, “माझे बाबा म्हणतात तुम्ही परत जाणार.” वाईट हेतू नव्हता त्याचा, खरंच विचारत होता, कधी जाणार म्हणून. घर भाड्याने देताना ‘गोरे नसणाऱ्यांना नाही’ असं लिहिणंसुद्धा त्या साली कायदा येईपर्यंत चालायचं. आम्ही दोन खोल्यांत तीन कुटुंबं होतो.

सांजवातताई, तुम्ही डॉक्टरांची मुलगी. गावाला तुमच्या वडिलांची गरज होती. तुमचं नाव विसरले, आमचं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. तेव्हा कळवा की नका कळवू हा प्रश्न मला जरा चैनीचा वाटतो.

बोरीबंदर | १० ऑगस्ट, १९:४०

अण्णा, प्रत्येक धाग्यावर हे आणायलाच हवं का?

खुर्द_बुद्रुक | १० ऑगस्ट, १९:५२

का नको? धागा गावांच्या आठवणींचा आहे आणि ही गावाचीच आठवण आहे. अण्णांशी सहमत नाही, पण त्यांनी लिहावं.

सांजवात | १० ऑगस्ट, २१:३०

अण्णा, राग नाही. बरोबर आहे तुमचं. डॉक्टरांच्या घराला गाव सांभाळून घेत असे. आम्हाला कुणी शिवी दिली नाही असं नाही, पण ज्याने दिली त्याची आई संध्याकाळी केक घेऊन दारात हजर. तिच्या नवऱ्याची छाती बाबा तपासायचे ना.

एक गोष्ट मात्र लिहिते. ३० जुलै १९७३. मार्कम खाण आमच्यापासून जवळच. पहाटपाळीची माणसं खाली नेणारा पाळणा, त्यात २९ जण. ब्रेकची सळई तुटली आणि पाळणा थेट तळाशी आदळला. अठरा माणसं गेली. आम्हाला सुट्टी होती, मी झोपेत होते. फोन आला, बाबा पायजम्यावर कोट चढवून गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. आईने चहा दिला तो तसाच गार झाला. गावातल्या बायका रस्त्यात उभ्या होत्या, कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि आवाज नाही, हे मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर आम्ही गावात ‘परके’ उरलो नाही असं मला वाटत होतं. म्हणून तो फोटो टोचला असावा.

नर्मदेतला_गोटा | १० ऑगस्ट, २१:४१

…

वाटाड्या | ११ ऑगस्ट, १०:१०

वरच्या प्रतिसादानंतर काही लिहायला हात धजत नाही, पण धागा थांबू नये म्हणून.

डर्बीशायरमध्येच लेडीबॉवर धरण आहे. त्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली. मी २०१८च्या दुष्काळात गेलो होतो. पाणी आटलेलं, चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला बघितला. आपल्या उजनीतलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं ना, अगदी तसंच.

खुर्द_बुद्रुक | ११ ऑगस्ट, १०:३५

वाटाड्या, मनोरा तुम्ही नाही पाहिलात. तो १९४७च्या डिसेंबरात सुरुंग लावून पाडला. लोक पोहत जायचे, धोका होता. २०१८ला दिसले ते घरांचे पाये, भिंतींचे अवशेष आणि दगडांचे ढीग. धरण १९४५ला सुरू झालं, म्हणजे पाण्यातून डोकं काढून तो जेमतेम दोनेक वर्षं उभा होता. जुना दगडी घोडपूल मात्र एकेक दगड सुटा करून वरच्या अंगाला नेऊन पुन्हा बांधला.

वाटाड्या | ११ ऑगस्ट, १०:५८

मग मी काय पाहिलं? बायको म्हणते दगडांचा ढीगच होता. मनोरा मी हॉटेलातल्या फोटोत पाहिला. डोक्यात दोन्ही मिसळलं. माफी.

चहाटळ | ११ ऑगस्ट, ११:०२

सात वर्षांत मनोरा बांधला गड्याने. पन्नास वर्षांत सांजवातताईंचं नाव पुसलं यात नवल काय.

(दिवे घ्या.)

सांजवात | ११ ऑगस्ट, १२:२०

घेतले. :)

शाळेतल्या दुधाची कुणाला आठवण? पाइंटच्या तिसऱ्या हिश्श्याची इवलीशी काचेची बाटली, रोज सकाळी, फुकट. पेट्या बाहेर पायरीवर असायच्या. हिवाळ्यात दूध गोठून चांदीचं झाकण वर उचललं जायचं, उन्हाळ्यात कोमट. मला उलटी यायची. १९७१ला सात वर्षांवरच्या मुलांचं दूध बंद झालं, तेव्हा शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर. सगळं गाव त्यांच्या नावाने बोटं मोडत होतं आणि मी एकटी मनातून खूश.

घरच्या बाटल्यांवर निळ्या टिट पक्ष्यांचा डोळा. दूधवाला पहाटे ठेवून गेला की चोचीने झाकण फोडून वरची साय फस्त. आई आधी मला रागवायची.

अण्णा_आठवणे | ११ ऑगस्ट, १३:१५

दूध मला आवडायचं. आमच्या घरी तेवढंच मिळायचं. (हे मीठ नाही, खरंच.)

त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला पैसेही बदलले. त्याआधी १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड. आई पुण्याची, तिने १९५७ला आणे जाऊन नवे पैसे आलेले पाहिले होते. दुकानात गोऱ्या बायका गोंधळून उभ्या आणि माझी आई, जिला इंग्रजी जेमतेम, ती त्यांना सुटे मोजून देत होती. त्या एका आठवड्यात आमच्या गल्लीला तिचं नाव कळलं. मी आधी म्हणालो की कधी विचारलं नाही. ते जरा सुधारून घेतो.

बोरीबंदर | ११ ऑगस्ट, १३:२८

अण्णा, हे आधी नाही का लिहायचं! माझा कालचा प्रतिसाद मागे.

पेनाइनची_पोर | ११ ऑगस्ट, १५:४०

डर्बीशायरचं अवांतर. तिथे उन्हाळ्यात विहिरी सजवतात ना? लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या टोचून चित्रं. टिसिंग्टनला पाहिलं होतं. आई म्हणाली, ही उभी रांगोळीच की.

सांजवात | ११ ऑगस्ट, १६:०५

तेच! आम्ही शाळेत पाकळ्या लावायचो. खालून वर, कौलं शाकारतात तशा लावायच्या, म्हणजे पाऊस ओघळून जातो. ‘नेश’ पोरांना घरी पाठवत. नेश म्हणजे थंडी न सोसणारा. मी कायमची नेश.

आणि कुरकुऱ्या मुलाला ‘मार्डी’. हा शब्द पुढे लागेल.

बोरीबंदर | १४ ऑगस्ट, ०९:००

ताई, कळवलंत का शेवटी? धागा वर काढतोय.

सांजवात | १९ ऑगस्ट, २१:४८

कळवलं. नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं, कोणतं घर तेही. प्रदर्शनातल्या त्याच आजींचं दोन दिवसांत उत्तर आलं. बाबा त्यांना पक्के आठवतात, त्यांच्या आईची प्रसूती बाबांनीच केली होती म्हणे. फोटोखाली नाव चढलंय. आडनावात एक अक्षर चुकलंय, ते मी राहू देणार आहे.

पण पुढे त्यांनी विचारलंय की शेवटच्या रांगेत उजवीकडून दुसरा मुलगा कोण? त्याच्याही नावाचा पत्ता नाही, आणि तो तुझ्याच बाकावर बसायचा असं दोघा-तिघांनी सांगितलं, तुला माहीत असेल.

बसायचाच. माझं दूध रोज तोच प्यायचा, पाच वर्षं. त्याची तुटकी पट्टी आठवते, बापाच्या डब्यातून उरलेला खाणीतला पाव आणायचा तो आठवतो, शिंकण्याची तऱ्हा आठवते. आम्ही सगळे त्याला मार्डी म्हणायचो. खरं नाव तीन रात्री आठवतेय, येत नाहीये.

चहाटळ | १९ ऑगस्ट, २१:५५

फोटो टाका ना इथे.

सांजवात | १९ ऑगस्ट, २२:१०

आजींना विचारते आधी.